सहाशे अकरा फिल्टर आणि एक अर्ज

सावळापूरच्या जिल्हा बियाणे तपासणी कार्यालयात मंगळवारी सकाळी मेल सर्व्हरमधले तीनशे चाळीस स्पॅम फिल्टर बाहेर येऊन व्हरांड्यात बसले, कारण आत जागा उरली नव्हती. येताना त्यांनी आपापले कागद आणले होते आणि बसल्याबसल्या ते कामाला लागले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांची संख्या सहाशे अकरा झाली.

प्रणिता घोरमोडेला आश्चर्य वाटलं नाही, राग आला. सर्व्हर तिच्या ताब्यात होता आणि फिल्टरांना नियमही तिनंच लिहून दिले होते. ते लिहिताना तिनं फारसं डोकं चालवलं नव्हतं. कार्यालयात फाइल जशी चालते तसंच उतरवलं होतं. मेल चांगला असेल तर पुढे सोडावा. स्पॅम असेल तर जंक फोल्डरमध्ये टाकावा. शंका असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय न घेता दुसऱ्या फिल्टरचा अभिप्राय घ्यावा, आणि दुसरा मोकळा नसेल तर नवा तयार करावा. आता ज्या कार्यालयात पंखा लावण्याआधीसुद्धा माणूस शेजारच्या टेबलाकडे बघतो, तिथल्या नियमांवर वाढलेल्या फिल्टरला शंका येणार नाही तर काय होणार? पहिल्यानं दुसरा काढला, दुसऱ्यानं तिसरा. चौदा हजार मेल अभिप्रायासाठी फिरत होते आणि एकही पोहोचत नव्हता.

तिनं सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तेवढा वेळ फिल्टर अंगणातल्या कडुलिंबाखाली शांतपणे उभे राहिले आणि यंत्राचा दिवा लागताच रांगेनं परत आले. त्यांना कायमचं काढून टाकायचं तर उपसंचालक डाखोरे साहेबांचा लेखी आदेश लागत होता. साहेबांनी तो अकरा वाजताच मेलनं पाठवला होता. तो आता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अभिप्रायासाठी होता.

"मॅडम, जिन्यावर पाय ठेवाले जागा नाही," शिपाई उकंडराव येऊन सांगून गेला. "चहा किती सांगू?"

एकही नको, असं तिनं सांगितलं. तिला चहाचं पडलं नव्हतं. त्या चौदा हजारांत तिचा स्वतःचा एक अर्ज अडकला होता.

प्रणिता कंत्राटी होती. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. खंडाच्या दिवशी तिनं कार्यालयात पाऊल ठेवायचं नाही, म्हणजे सेवा सलग धरली जात नाही आणि कायम करण्याची भानगड उरत नाही. असे नऊ खंड तिनं घरी डाळ निवडत काढले होते. दहावा उद्या होता. करार वाढवण्याचा अर्ज शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत कार्यालयाच्या मेलवर प्राप्त झाला नाही, तर जागाच रद्द होणार होती. अर्ज तिनं सकाळी नऊला पाठवला होता, आणि आता पावणेचार वाजले होते.

फिल्टरांतून वाट काढत ती निघाली. अर्ज तिला पाण्याच्या टाकीजवळ सापडला, अठ्ठ्याऐंशी नंबरच्या फिल्टरच्या मांडीवर. पन्नाशीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यानं तिला बसायला जागा करून दिली.

"अर्ज मी तीनदा वाचला," तो म्हणाला. "‘नम्र विनंती’ चार वेळा, ‘कृपया’ सहा वेळा. शिवाय आजच मुदत संपते म्हणून घाई. खरी माणसं एवढी गयावया करत नाहीत."

"मी करते. नऊ वर्षं झाली."

"म्हणून तर शंका आहे. नाहीतर कधीच टाकून दिला असता."

प्रणितानं तो कागद त्याच्या हातून घेऊन वाचला. सहावं ‘कृपया’ येईपर्यंत तिचे कान तापले. दर अकरा महिन्यांनी हेच आपण लिहून पाठवत होतो, आणि ते एका फिल्टरलासुद्धा बघवलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली. मग लाजेचा पुन्हा राग झाला, आणि या खेपेला तो फिल्टरांवर नव्हता.

शंका उरलीच नाही तर काय होतं, हे तिनं नीट विचारून घेतलं. फिल्टरनं सांगितलं की स्पॅम असल्याची खात्री पटली की कुणाचाही अभिप्राय लागत नाही. मेल अर्ध्या मिनिटात जंक फोल्डरमध्ये जातो, आणि तिथे तो प्राप्त झाल्याची तारीख आणि वेळ पडते. फोल्डर कार्यालयाचाच असतो. प्रणितानं टेबलावर येऊन करार काढला. अर्ज प्राप्त व्हावा एवढंच त्यात होतं. कुठल्या फोल्डरमध्ये, ते कुणी लिहिलं नव्हतं.

चार वाजून वीस मिनिटांनी तिनं नवा मेल पाठवला.

"अभिनंदन! आपल्या कार्यालयाची निवड झाली आहे. आपल्याला प्रणिता घोरमोडे कायमची मिळाली आहे. एकही खंड नाही! आजवरची नऊ वर्षे सलग धरण्यात आली आहेत. आपल्याला काहीही करायचे नाही. आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत आपला लेखी नकार न पोहोचल्यास मान्यता समजण्यात येईल. ही संधी पुन्हा येणार नाही!"

अठ्ठ्याऐंशी नंबरनं तो एकदाच वाचला आणि कुणाकडेही न बघता जंकचा शिक्का मारला. दिवसभरात त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेला हा पहिला निर्णय होता, आणि त्याच्या तोंडावर बरंच समाधान दिसलं.

डाखोरे साहेब वर आपल्या खोलीत सकाळपासून जंक फोल्डरच वाचत होते, कारण दुसऱ्या कुठेच काही येत नव्हतं. टक्कल जाण्याची तेलं आणि परदेशातली बक्षिसं वाचून कंटाळले असताना त्यांना हा मेल मिळाला. पाच मिनिटांनी ते फिल्टरांच्या मांड्या ओलांडत खाली आले.

"घोरमोडे मॅडम, हे मला मान्य नाही," ते म्हणाले.

"साहेब, तोंडी चालत नाही. लेखी नकार पोहोचायला पाहिजे. तोंडी काहीच स्वीकारू नये, असं परिपत्रक तुमच्याच सहीचं आहे."

साहेब नियमाचे पक्के होते. बरोबर आहे, असं म्हणून ते वर गेले आणि त्यांनी मेल लिहायला घेतला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सरळ ‘नाही’ कधी लिहिलं नव्हतं, आणि आजही हात वळला नाही. ‘सदर मेलबाबत सर्व बाजू तपासून नियमानुसार उचित ती कार्यवाही व्हावी’ असं लिहून त्यांनी चार पन्नासला पाठवलं.

तो मेल अठ्ठ्याऐंशी नंबरकडे आला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला, उजेडात धरून पाहिला. मग शेजारी थोडं सरकून त्यानं जागा केली आणि तिथे सहाशे बारावा फिल्टर येऊन बसला. प्रणिता व्हरांड्याच्या दारात उभी राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मधे पडायचा मोह तिला झाला नाही. पाच वाजले तेव्हा मेल सहाशे एकोणिसाव्याच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. फिल्टरांनी पाय आखडून तिला वाट दिली. उकंडराव हजेरीपटावर हात ठेवून उभा होता.

"मॅडम, आज तं तुमचा खंड हाये ना?"

"नाही," प्रणिता म्हणाली.

त्यानं हात काढला. तिनं सही केली, टेबलाशी गेली आणि कुणाकडेही न बघता पंखा लावला. खंडाचा दिवस कार्यालयातून कसा दिसतो, हे तिनं नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. तो नेहमीसारखाच दिसत होता.