दुकानातल्या टायरचं सुतक

मालक वारला की ट्रकच्या कंपनीच्या टायरांना सुतक लागतं. मागाहून दुकानातून घेतलेल्यांना लागत नाही.

पाथर्डीचा अजिनाथ ढाकणे गेला तेव्हाही तसंच झालं. भरदुपारी ढाब्यावर जेवायला बसला आणि तिथेच त्याने मान टाकली. गाडी घरी आणून उभी केली, तशी पुढच्या दोन टायरांनी हवा सोडली. ते गाडीबरोबरच कारखान्यातून आलेले. आत अजिनाथची बायको सुभद्रा बायकांमध्ये बसली होती. रस्त्यापलीकडे मंदा उभी होती. अजिनाथ कित्येक वर्षं तिच्या खोलीवर उतरायचा. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे तिला आत बसता येत नव्हतं.

अजिनाथच्या धाकट्या भावाला, मच्छिंद्रला, कांद्याची खेप पोचवायची होती. कांदा काही थांबत नाही. त्याने पुढे दोन उसने टायर चढवले. गाडी सुरू केली, तर मागून फुस्स आवाज आला. मागच्या जोडीतल्या बाहेरच्या टायरनेही हवा सोडली होती.

"तुला कुठलं आलंय सुतक? तू दुकानातला," मच्छिंद्र म्हणाला.

"दुकानातलाच आहे," टायर म्हणाला. "पण मी सुतक धरणार."

ट्रकमालक संघटनेच्या घुले आण्णांना बोलावणं गेलं. आण्णा उकिडवे बसले, टायर नीट न्याहाळला.

"हे बघा, कंपनीचा टायर गाडीच्या जन्माचा असतो. तुम्ही नंतर आलात."

"आण्णा, त्यांना गाडीबरोबर पाठवलं. मालक कोण, रस्ता कुठला, काही ठाऊक नव्हतं. मला त्याने घाटाचा रस्ता मनात धरून घेतलं. दुकानात सगळ्यांवरून हात फिरवला आणि माझ्यावर ठेवला."

"खरं असेल," आण्णा म्हणाले. "पण निवडून आणलेल्याला सुतक नाही."

पुढून काढलेले दोघे भिंतीशी टेकून होते. त्यांच्यात हवाच नव्हती.

"मग मी हवा धरणार नाही," टायर म्हणाला.

"मग काढावं लागेल," आण्णा हळू आवाजात म्हणाले.

टायर काढून रस्त्याकडेला ठेवला. त्याच्या जागी दुसरा बसवला आणि गाडी कांदा भरायला गेली. तेव्हा मंदा रस्ता ओलांडून आली.

"चला," ती म्हणाली. "खोली लहान आहे."

"चालेल."

ती त्याला हाताने ढकलत निघाली. समोरून येणारा एक म्हातारा सायकलवरून उतरला आणि ते पुढे जाईपर्यंत बाजूला उभा राहिला.

"शेवटी काही बोलला का तो?" मंदाने विचारलं.

"मला खाली काय ऐकू येणार? ढाब्यावर उतरला, तेव्हा पायाने ठोकून बघितलं मला. नेहमीसारखं."

"जोरात?"

"नाही. हळूच."

मंदा तिथेच थांबली. तोंडाला पदर लावून उभ्याउभ्या रडली. टायर पडू नये म्हणून एक हात तिने त्याच्यावरच ठेवला होता.

संध्याकाळी शेजारची गयाबाई आली. इतक्या वर्षांत तिने मंदाचा उंबरा ओलांडला नव्हता. हातात पिठलं-भाकरीची दोन ताटं होती.

"कडू घास आणलाय. दोघांचा."

"ते जेवत नाहीत," मंदा म्हणाली.

"असं कसं? सुतकाच्या घरी चूल पेटत नाही," गयाबाई म्हणाली. तिने एक ताट मंदापुढे ठेवलं, दुसरं टायरपुढे, आणि भिंतीला टेकून बसली.