शिपाई आणि लालबुडे

एका जंगलात करवंदीची एक जाळी होती, बाळांनो. तिच्यात दोन बुलबुलिणी शेजारी राहायच्या. एक गोदूबाई शिपाई. दुसरी भागूबाई लालबुडे.

गोदूबाईंच्या डोक्यावर उंच तुरा, गालांवर लाल ठिपके. भागूबाईंचं डोकं काळं आणि लाली शेपटीखाली.

"लाली तोंडावर शोभते," गोदूबाई म्हणायच्या. "भलत्या ठिकाणी नव्हे."

"आम्ही मिरवत नाही," भागूबाई म्हणायच्या.

खरं तर शेपटीखाली शिपायांनाही लाली असते. पण घरंदाज मंडळी तो विषय काढत नाहीत.

एकदा एका वानराने जाळीवर धप्पकन उडी मारली. दोन्ही घरटी खाली आली. चार पिल्लं एकाच ढिगात पडली. चारही उघडीबोडकी, चारही आ वासलेली. लाली कुणालाच नाही.

"यातली माझी कुठली गं बाई?" गोदूबाई रडू लागल्या. भागूबाईंनाही सांगता येईना.

जंगल जमलं. न्यायाधीश भारद्वाजपंतांना बोलावलं गेलं. त्यांचं दर्शन शुभ मानतात. त्यांचा आहार काय, हे सहसा कुणी विचारत नाही.

पंतांनी पिल्लं उलटीपालटी करून पाहिली.

"लाली फुटेपर्यंत निकाल देता येणार नाही," ते म्हणाले. "तोवर आयांनी भरवू नये. चुकून दुसऱ्या जातीचं पोर पोसलं जाईल. पिल्लं माझ्या ताब्यात राहतील."

"काय निःपक्षपाती निवाडा!" जंगल म्हणालं.

पंतांनी फांदीवर चोच पुसली. गोदूबाईंनी ते पाहिलं. भागूबाईंनीही पाहिलं. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"ओळखली!" गोदूबाई ओरडल्या. "ही दोन माझी. शपथेवर सांगते!"

"बरोबर. उरलेली माझी," भागूबाई म्हणाल्या. "चोच अगदी ह्यांच्यावर गेलीय."

वादच उरला नाही. पंतांना हात हलवत परत जावं लागलं.

पुढे पिल्लं मोठी झाली. शिपायांच्या धाकट्याचे गाल कोरेच राहिले. लालबुड्यांच्या थोरलीला उंच तुरा आला, गालांवर लाली उमटली. सोयरे कुजबुजू लागले.

"आमचा धाकटा कशालाच लाजत नाही," गोदूबाई म्हणाल्या आणि पिकलेलं करवंद त्याच्यापुढे सरकवलं.

"आमची थोरली फारच लाजते हो," भागूबाई म्हणाल्या.

तात्पर्य : बाळांनो, खोटं कधी बोलू नये. दोन आया खोटं बोलल्या आणि एक निःपक्षपाती न्यायाधीश उपाशी राहिला.