भय्यासाहेबांची रस्सी

"श्रुती बेटा, माझा छाता दिसला का गं?"

"छत्री ना? नाही दिसली. परवा शेजाऱ्यांवर आळ घेतलात, काल दूधवाल्यावर. आणि बाबा, ती हातोडी उचला आता. नंदा मॅडम येतीलच."

भय्यासाहेब पॅसेजमध्ये फतकल मारून बसले होते आणि आठवड्यापूर्वी बांधलेली पिवळीधमक दोरी भिंतीतल्या हुकांना पुन्हा आवळत होते. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म गेलेला माणूस. घरही त्यांनी बांधलं ते डब्यासारखंच, लांबलचक. समोरचं दार एका गल्लीत, तर परसातलं मागचं फाटक दुसऱ्या. ही दोरी समोरच्या फाटकापासून निघून हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर अशी स्टेशनं घेत थेट मागच्या फाटकाला भिडत होती. दोन्ही टोकांना एकेक पितळी घंटा. मुक्ताला कळावं, की आता रस्सी संपली.

मुक्ता म्हणजे भय्यासाहेबांची सहा वर्षांची नात. जन्मापासून तिला दिसत नाही, पण बाकी सगळं येतं. घुंगरू घातलेला चेंडू ती असा फेकायची की भय्यासाहेबांचा चष्मा दोनदा बदलावा लागला होता.

अशाच मुलांच्या आयांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप श्रुतीला सापडला होता. त्यातूनच इंदूरच्या नंदा मॅडमचा नंबर मिळाला. मॅडम घरी येऊन मुक्ता कशी चालते-फिरते ते बघणार, पांढरी काठी वापरायला शिकवणार, आणि मग कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊन सांगणार, की या मुलीला घ्या, पुढचं मी बघते. शाळावाल्यांनी श्रुतीला तोंडावर सांगितलं होतं, "मैडम लिख के दें तो ले लेंगे." म्हणजे मुक्ताची शाळा आज ठरायची होती.

भय्यासाहेबांना शाळेचं वावडं नव्हतं. वावडं होतं काठीचं.

"काठी माझ्या वयाच्या माणसाने धरायची. पोरीच्या हातात काठी? अरे, आपण कशाला आहोत? मी सगळा बंदोबस्त करतो, बिलकुल फिकर नको. रस्सी पकडायची नि चालायचं. गाडी रुळावरून जाते की नाही?"

"आणि शाळेत काय करायचं, बाबा?"

"शाळेपर्यंत पण बांधू रस्सी!"

श्रुती मूळची नाशिकची. सासऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा पोळ्या लाटलेल्या बऱ्या, हे तिला उज्जैनला आल्या आल्या कळलं होतं.

एवढ्यावर भय्यासाहेब थांबले असते तर ते भय्यासाहेब कसले! भैरवगढला जाऊन त्यांनी कापडावरच्या छपाईचे जुने लाकडी ठसे आणले नि प्रत्येक दाराशेजारी एकेक ठोकला. स्वयंपाकघराला आंबा, हॉलला हत्ती, बाथरूमला मोर. बोटं फिरवली की खोली कळली. पॅसेजच्या कोनाड्यात एक बोलणारं घड्याळ ठेवलं. दर पंधरा मिनिटांनी आतून एक बाई अत्यंत शुद्ध हिंदीत वेळ सांगायची. आणि मॅडमना सगळी योजना एका नजरेत दिसावी म्हणून त्यांनी दोन्ही फाटकं सताड उघडी टाकली.

चूक झाली ती इथे. कारण तो सावनातला सोमवार होता, महाकालाची पालखी शहरातून निघते तो, सवारीचा. मॅडमना हाच दिवस मोकळा होता, आणि नाशिकच्या श्रुतीने कॅलेंडर न बघता हो म्हटलं होतं. मोठा रस्ता दुपारीच बंद झाला, आणि अडलेली माणसं गल्ल्यांत शिरली.

आता उज्जैनचा एक नियम आहे. इथे रस्सी बांधलेली दिसली की माणूस आधी तिच्या बाजूला उभा राहतो. लाइन कसली, ते मागाहून विचारतो. पूजेची थाळी घेतलेल्या एका अम्माने ती पिवळी दोरी पाहिली, घंटा पाहिली. तिने घंटा वाजवली आणि चपला काढल्या. तिच्यामागे तिचं अख्खं कुटुंब होतंच.

घंटा ऐकून भय्यासाहेब धावत आले. मॅडम आल्या, आणि सोबत ऑफिसची माणसंही दिसतात! त्यांचा ऊर भरून आला.

"आइए, आइए! रस्सी पकड़ के आइए. और मैडम, आँखें बंद कीजिए. तभी असली बात समझ में आएगी."

अम्माने भक्तिभावाने डोळे मिटले. तिच्या कुटुंबाने मिटले. मागून आलेल्यांनी पुढच्यांचं पाहून मिटले.

"अब हाथ फेरिए. ये हाथी."

सगळ्यांनी हत्तीवर हात फिरवून तो कपाळाला लावला. भय्यासाहेबांना जरा विचित्र वाटलं, पण इंदूरची पद्धत असेल म्हणून ते पुढे निघाले. बाथरूमच्या मोराला अम्माने कुंकू लावलं आणि फूल वाहिलं. तेवढ्यात कोनाड्यातून आवाज आला, "अभी समय हुआ है, तीन बजे."

"जय महाकाल!" पॅसेज दुमदुमला.

"बोलने वाले बाबा हैं," कोणीतरी मागे निरोप दिला. तो निरोप दारातून बाहेर पडला, गल्लीत गेला, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत बाबा नोकरीचे प्रश्नही सोडवायला लागले होते.

श्रुती स्वयंपाकघराच्या दारात आली नि कोणीतरी तिच्या हातात नारळ दिला. ती "अहो, हे घर आहे" म्हणेपर्यंत दुसरा आला. तिसरा घ्यायला तिने पदर पुढे केला, कारण तो पायावर पडला असता.

"बाबा! ही कोण माणसं?"

"मॅडमचा स्टाफ... नाही गं, फार आहेत!" भय्यासाहेबांच्या डोक्यात आता प्रकाश पडला. त्यांनी खिशातली गार्डची शिट्टी काढली आणि गाडी थांबवायला वाजवावी तशी वाजवली. परिणाम तत्काळ झाला. लोकांनी शिट्टी ऐकली, बंदोबस्त सरकारी आहे अशी खात्री पटली, आणि इतका वेळ वाकडी असलेली लाइन सरळ झाली. त्या सरळ झालेल्या लाइनीने भय्यासाहेबांना अलगद उचलून मागच्या परसात नेऊन सोडलं.

श्रुतीचा फोन वाजला.

"मी नंदा बोलतेय. तुमच्या गल्लीतच आहे, पण पुढे सरकता येत नाहीये. इथे कुठल्याशा मंदिराची लाइन लागलीय. नवीन झालंय का हो?"

"मॅडम, ते आमचं घर आहे. तुम्ही आमच्याच लाइनीत अडकलात."

"बरं. मुक्ता कुठे आहे?"

श्रुतीने वळून पाहिलं. मुक्ता ओट्याजवळ पाटावर बसली होती. म्हणजे मघाशी बसली होती. आता पाट रिकामा होता.

हातातले नारळ कुठे पडले, तिला कळलं नाही. "मुक्ता!" हॉलमध्ये नव्हती, पलंगाखाली नव्हती. दोरीला धरून डोळे मिटलेली माणसंच माणसं. त्यात सहा वर्षांची पोर कुठे दिसणार? गर्दीतून वाट काढत श्रुती परसात आली, तर भय्यासाहेब तुळशीपाशी पांढरेफटक पडून उभे. "रस्सीला नाहीये ती," ते पुटपुटले. "पूर्ण रस्सी बघितली गं मी. कुठेच नाहीये."

तेवढ्यात घराच्या कडेच्या बोळातून आवाज आला. टक, टक, टक. हा बोळ नळाच्या पाइपांचा. इतका अरुंद, की भय्यासाहेबांना आडवं होऊन जावं लागे.

"मॅडम, इथे वाका. वर पाइप आहे. आजोबांचं डोकं नेहमी इथेच लागतं."

आधी एक छत्री बाहेर आली. काळी, लाकडी मुठीची, भय्यासाहेबांची. तिच्या मागून मुक्ता. आणि मुक्ताचा खांदा धरून, साडीला शेवाळ लागलेल्या, घामाघूम नंदा मॅडम.

"आई, तू फोनवर म्हणालीस ना मॅडम अडकल्या? मग मी पुढे जाऊन हाका मारल्या नि त्यांना आणलं." तेवढ्यात मागच्या दारातून बाहेर पडणारी थाळीवाली अम्मा तिच्या अंगावर आली. मुक्ताने छत्री आडवी धरली. "अम्मा, आँखें तो खोल के चलो! मेरे पैर पे पैर दे दिया."

अम्माने दचकून डोळे उघडले. समोर मंदिर नव्हतं, दोरीवर भय्यासाहेबांचे बनियन वाळत होते.

श्रुतीने लेकीला कवटाळलं. भय्यासाहेब मात्र छत्रीकडे बघत होते.

"हा छाता... तू घेतलास?"

"रोज घेते. तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा. बोळातून जाते नि येते."

"अगं, मग रस्सी? रोज तर तू रस्सी धरून चालतेस की!"

"तुम्ही जागे असलात की धरते." मुक्ता त्यांना समजावल्यासारखी म्हणाली. "नाही धरली तर तुम्ही घाबरता."

भय्यासाहेब मागच्या फाटकाशी गेले, खाली बसले आणि स्वतः आवळलेली गाठ सोडू लागले. पक्की रेल्वेची गाठ, वेळ लागला. मग दोरी गुंडाळत ते घरातून समोरच्या दाराकडे निघाले. आणि काय सांगावं, दोरी जसजशी सुटत गेली तसतशी लाइनही सुटत गेली. रस्सी नाही तर लाइन कसली? माणसं डोळे उघडून एकमेकांना विचारायला लागली, "भैया, यहाँ क्या था?"

चहा पिताना मॅडम म्हणाल्या, "दोरी काढलीत ते उत्तम. ठसे मात्र राहू द्या हं, भय्यासाहेब. फार छान सुचलं तुम्हाला."

"मोराला कुंकू लागलंय," भय्यासाहेब पडेल आवाजात म्हणाले.

"पुसा. शाळेला मी आजच लिहून देते. आणि काठी पुढच्या वेळी घेऊन येते, तिच्या उंचीची. तोवर तुमची छत्री तिच्याकडेच असू दे."

"असू दे, असू दे. नाहीतरी मला ती मिळत होती कुठे?"

पुढच्याच महिन्यात मुक्ता शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी निम्मी गल्ली फाटकांत उभी होती. आईचा हात सोडून, पांढरी काठी टेकत मुक्ता पुढे चालत गेली. श्रुती चार पावलं मागे. कोपऱ्यापर्यंत काठीची टकटक येत होती. ती थांबेपर्यंत भय्यासाहेब हलले नाहीत. मग ते परत घरात शिरायला वळले आणि धाडकन फाटकाच्या खांबावर आदळले. घंटा अजून तिथेच होती, ती खणखणून वाजली.

कोपऱ्यावरून खणखणीत आवाज आला, "आजोबा, डोळे उघडे ठेवून चाला!"

डोळे उघडेच होते भय्यासाहेबांचे. पण तेवढ्यापुरतं त्यांना काही नीट दिसत नव्हतं.