सुकन्या नावाची स्कूटी

पौर्णिमेला ज्योत्स्नाच्या आधी विहारात पोचायचं, म्हणून सुकन्यानं स्कूटी थेट ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली लावली. वंदना करून बाहेर येते तर गाडी गायब. टोइंगवाल्यांनी उचलून नेली, असं पानटपरीवाल्यानं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या ज्योत्स्नाला नवऱ्यानं तिच्या नावावर गाडी घेऊन दिली, तेव्हा सुकन्याला चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. मग तिच्या नवऱ्यानं, नागसेननं, तिलाही घेऊन दिली. ज्योत्स्नाचं नाव नुसतं कागदावर. सुकन्यानं गाडीच्या तोंडावरच ‘सुकन्या’ असं ठळक रंगवून आणलं.

आता ज्योत्स्नाच तिला आपल्या गाडीवर बसवून ट्रॅफिकच्या आवारात घेऊन आली. तोंडानं हळहळत होती, डोळ्यांत मात्र दिवाळी. मागोमाग नागसेन कागद घेऊन आला, तोही पडलेल्या चेहऱ्यानं.

हवालदारानं पाटीकडं बोट केलं. मालकानं स्वतः यायचं, आरसी बुक दाखवायचं, लायसनवाल्यानंच गाडी न्यायची. मग बुक उघडून विचारलं, “सरजाबाई कोण?”

“माझी आई. उमरीला असते,” नागसेन पुटपुटला.

सुकन्यानं बुक ओढून घेऊन नाव स्वतः वाचलं. नागसेन खाली मान घालून म्हणाला, “तुझ्या आधारवर ‘सुकण्या’ छापलेलं. बाकीच्या कागदांशी जुळेना, म्हणून शोरूमवाला घेईना. म्हणलं, आईच्या नावानं घेऊ, मागून बदलू. तवर तू नाव रंगवून आणलंस. मग कोणत्या तोंडानं सांगू?”

ज्योत्स्नाला घरी काहीच काम नव्हतं म्हणे. ती बाकावर ठाण मांडून बसली. सुकन्याला गाडीपेक्षा त्या पाच अक्षरांचा जाळ जास्त लागला: स-र-जा-बा-ई.

दुपारी सरजाबाई एसटीनं आल्या. पांढरं लुगडं, हातात पिशवी. आल्या आल्या त्यांनी सही केली.

“चालवणार कोण? लायसन?” हवालदार म्हणाला.

नागसेनचं संपलेलं. सुकन्यानं कधी काढलंच नव्हतं. ज्योत्स्ना एकदम उठून भिंतीवरची पाटी वाचू लागली.

सरजाबाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. किनवटकडच्या जंगलात नर्सबाई म्हणून त्यांनी तीस वर्षं लुना पळवली होती. “मुदत संपली की नवं करून घेते,” त्या म्हणाल्या. “गाडी न्हाई राहिली, पर लायसन हाय.”

हवालदारानं उठून किल्ली त्यांच्या हातात दिली. सरजाबाईंनी पदर खोचला, हेल्मेट घातलं आणि सुनेला म्हणाल्या, “बस मागं.”

“आमच्या आत्याबाईंना तर जिनासुदिक चढवत न्हाई,” ज्योत्स्ना म्हणाली. आवाज जरा बारीकच निघाला. सुकन्यानं तो बरोबर ओळखला. दोन वर्षांपूर्वी तिचा स्वतःचाच तसा निघाला होता.

ती ऐटीत मागं बसली, सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि ज्योत्स्नाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “आत्याबाई, विहारावरून घ्या. अन् सावकाश.”