शेषरावजींचे केनियातले शेअर

शेषरावजींनी सरकारी फॉर्मात ‘निरंक’ हा शब्द उभ्या जन्मात लिहिला नाही. आम्ही बाकीचे कारकून रकाना वाचायच्या आधीच निरंक लिहून मोकळे व्हायचो. शेषरावजी मात्र पेन उघडून बसत आणि काहीतरी आठवून काढत. एकदा परदेशी वस्तूंच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘छत्री एक. साडूने नेपाळहून आणलेली. एक काडी मोडकी.’ साहेबांनी गमतीने छत्री बघायला मागितली, तर दुसऱ्या दिवशी हे छत्री घेऊन हजर!

आम्ही दोघं आंजीहून एकाच एसटीने लष्कराच्या दारूगोळा डेपोत जायचो. फाटकावर शिपायाने न विचारताच ते डबा उघडून आतली भाजी दाखवत. मागे रांग खोळंबायची. ‘लपवाले आपल्यापाशी हाये काय?’ हे त्यांचं पालुपद. रजेसाठी एकाच आत्याला दोनदा मारणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचा हेवा वाटायचा.

वीस वर्षं ते फाटकाजवळच्या खोलीत गेटपास लिहीत होते. निवृत्तीआधी एकदा तरी आतल्या कोठाराचं काम सांभाळायचं, एवढीच त्यांची हौस. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्या जागेसाठी त्यांचं नाव निघालं. उरली फक्त गोपनीय पडताळणी. तिच्या फॉर्मात विचारलं होतं, परदेशात मालमत्ता, शेअर वगैरे? शेषरावजींनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘केनियात चहाच्या कंपनीचे शेअर. धाकटा भाऊ प्रल्हाद तिथे मळ्यावर नोकरीला. त्याने दोघांच्या नावे घेतलेले.’

साहेबांनी बोलावलं. फाईल घेऊन मीही गेलो. साहेब भला माणूस. त्यांनी समजावलं, ‘ज्याची बाहेर गुंतवणूक असते, त्याच्यावर तिथून कोणी दबाव आणू शकतं. म्हणून आतली जागा त्याला देत नाहीत. तुम्ही शेअरवरून नाव काढून घ्या, मी मंजुरीसाठी लिहितो.’

‘नियम बराबर हाय, साहेब,’ शेषरावजी म्हणाले. ‘उद्या कोणी म्हटलं, तुह्या प्रल्हादले तिकडे त्रास देऊ, त मी काय काय सांगून टाकीन, माह्या मलेच भरोसा नाई. नाव राहू द्या. जागा दुसऱ्याले द्या.’

स्वतःविरुद्ध इतकी चोख साक्ष देणारा माणूस साहेबांनीही पाहिला नसावा. मला अभिमान वाटला आणि रागही आला. परतीच्या एसटीत मी तडकलोच. ‘काऊन असं केलं, शेषरावजी? एक सही त करायची होती!’

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,

‘माय गेली तवा प्रल्हाद आला नाई. मी रागात लिहिलं, पुन्हा तोंड दाखवू नको. तवापासून त्याचं पत्र नाई. म्या चार धाडले. कंपनीचं मात्र येते, वर्षातून एकदा. त्याच्यावर आमची दोघायची नावं राह्यते.’

पुढे जागा दुसऱ्याला मिळाली. शेषरावजींनीच त्याचा गेटपास लिहिला, तोही मनापासून अभिनंदन करून.

त्या वर्षीचा लिफाफा आला तेव्हा ते तो घेऊन माझ्या घरी आले. अहवाल इंग्रजीत. मी पहिल्या पानावरचं अध्यक्षांचं भाषण वाचू लागलो.

‘ते राहू दे,’ ते म्हणाले. ‘पाऊसपाण्याचं काय लिहिलं?’

‘पाऊस वेळेवर झाला म्हणते. पानं चांगली आली.’

‘कीड?’

‘नाई लागली.’

शेषरावजींनी कागद माझ्या हातून घेतला आणि हलकेच घडी घातली.

‘बरा हाय मंग प्रल्हाद,’ ते म्हणाले.