सबनीसांचा फायनल रिमाइंडर

पन्नाशी उलटलेला पुरुष दिसला की सबनीस नमस्कार करत नसत. ते विचारत, "रात्री किती वेळा उठता?"

हा प्रश्न विचारायला त्यांना कुठलीही जागा चालायची. अबुधाबीतल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालायची, गणपतीच्या प्रसादाची रांग चालायची. एकदा तर लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजवर जाऊन त्यांनी तो वराच्या वडिलांना विचारला. फोटोग्राफर 'स्माइल, स्माइल' करत होता आणि वराचे वडील बोटांवर मोजत होते.

सबनीस आमच्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. साइटवर जाणारं प्रत्येक ड्रॉइंग त्यांच्या टेबलावरून जायचं. कुठली रिव्हिजन जुनी झाली, कोणाचं उत्तर यायचं राहिलं, सगळं त्यांना पाठ असे. उत्तर न देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला ते आधी पहिला रिमाइंडर पाठवत, मग दुसरा, आणि मग लाल शिक्क्याचा फायनल रिमाइंडर. नव्वदच्या दशकात कधीतरी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत त्यांनी एक मासिक चाळलं. त्यात पुरुषांच्या प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीबद्दल लेख होता. पन्नाशीनंतर ती गुपचूप बिघडू शकते, रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं ही त्याची एक खूण, आणि पीएसए नावाच्या रक्ताच्या साध्या तपासणीत त्याचा सुगावा लागू शकतो, एवढं त्यांनी वाचलं आणि त्या दिवसापासून आम्ही सगळे त्यांचे कॉन्ट्रॅक्टर झालो.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला ऑफिसात टेबलावर एक पाकीट होतं. मला वाटलं ग्रीटिंग असेल. आत टाइप केलेला कागद होता: 'विषय : पीएसए. आपल्याकडून अद्याप प्रतिसाद नाही. रिमाइंडर क्र. १.'

"अहो सबनीस, आजच तर पन्नास झाली," मी म्हणालो.

"म्हणूनच, कर्णिक. आजपासून तुम्ही ओव्हरड्यू आहात."

मी त्यांना टाळायला लागलो. ते लिफ्टपाशी दिसले की मी जिन्यानं जायचो. आम्ही सहाव्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे माझी तब्येत मात्र सुधारली. घरी त्यांचा फोन आला की माझी मुलगी ओरडायची, "बाबा, बाथरूम अंकल इज ऑन द लाइन," आणि मी हातानंच 'नाही म्हण' अशी खूण करायचो. दुसरा रिमाइंडर मी ड्रॉवरमध्ये दडवला. फायनल त्यांनी थेट माझ्या बायकोच्या हातात दिला, आणि विषय संपला.

टेस्टच्या आधी सबनीसांच्या सूचना आल्या. "दोन दिवस सायकल बंद."

"अबुधाबीत सायकल कोण चालवतं?"

"जिममधली धरून. आणि दोन दिवस ते... म्हणजे तेही बंद." भर चौकात नको ते विचारणारा हा माणूस इथं मात्र कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्यांचं स्वतःचं कुटुंब मुलीच्या शिक्षणासाठी पुण्यात राहत असे. हा नियम सबनीसांना फारसा जड जात नसणार, असं आम्ही त्यांच्या मागे म्हणायचो आणि खो खो हसायचो. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

लॅबमध्ये गेलो तर हे आधीच येऊन बसलेले. सुई टोचत असताना माझं घड्याळ सांभाळत ते काँक्रीटच्या भावाबद्दल बोलत राहिले. रिपोर्ट आला, एक पॉइंट दोन. साधारण चारच्या खाली असलं की ठीक मानतात. सबनीसांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "अप्रूव्हड. नो कॉमेंट्स. खलास."

पुढच्या वर्षी त्यांनी आमच्या साइटवरच्या सावंतांना गाठलं. सावंत हे कणकवलीकडचे शटरिंगचे सुतार, वय चौपन्न. पण सावंत काही बधेनात. आखातातल्या माणसाला रक्ततपासणी माहीत असते ती व्हिसाची. तीन वर्षांनी एकदा रक्त द्यायचं, आणि त्यात काही निघालं तर परतीचं विमान पकडायचं. ही तपासणी वेगळी आहे, तिचा व्हिसाशी संबंध नाही, हे सावंतांना पटेना. "साहेब, रगत बिघडलेला दिसला तर माका इमानात बसवतले," एवढं एकच ते म्हणत राहिले.

शेवटी सबनीस म्हणाले, "असं करू. आधी मी देतो रक्त. मला विमानात बसवलं तर तुम्ही देऊ नका." आणि एका शुक्रवारी सकाळी दोघं बसनं लॅबमध्ये गेले.

चार दिवसांनी सावंत साइटवर माझ्यासमोर येऊन उभे राहिले, अगदी पडेल चेहऱ्यानं.

"काय झालं?"

"नापास झालंय, साहेब. माका एक पण नाय गावलो, शून्य पॉइंट नऊ. सबनीस सायबांक अकरा."

मी मोठ्यानं हसलो. परीक्षेत जास्त मार्क म्हणजे चांगले, हे आपल्या माणसाच्या डोक्यातून जात नाही. सावंतांना समजावून सांगायला मी तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आपण कोणाच्या आकड्याला हसतोय.

मी सबनीसांना विचारलं. "इन्फेक्शननंही वाढतो आकडा," ते फायली लावत म्हणाले. "रिपीट करायचीय. बघू, इन्शाल्ला." आणि मी, इतकी वर्षं त्यांना चुकवण्यात पटाईत झालेला, सुटल्यासारखा जागेवर जाऊन बसलो. पुन्हा विचारलं नाही. याला साधा भित्रेपणा म्हणतात.

महिनाभरानं हॉस्पिटलमधून फोन आला. बोलणारी सिस्टर मल्याळी होती. "आप मिस्टर सबनीस का ब्रदर है ना? बायॉप्सी हो गया. पेशंट को अकेला नहीं छोड़ेगा, आप आके ले जाओ."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणालो, "हां, ब्रदर. आता हूँ."

काउंटरवर सिस्टरनं फॉर्म दाखवला. जवळचा नातेवाईक म्हणून माझं नाव, नातं भाऊ, फोन माझ्या ऑफिसचा. एक सबनीस आणि दुसरा कर्णिक, हे भाऊ कसे, असं तिनं काही विचारलं नाही. तिच्या केरळात सख्ख्या भावांचीही शेवटची नावं वेगळी असू शकतात.

सबनीस व्हीलचेअरवर बाहेर आले. मला पाहून त्यांची मान खाली गेली. "विचारायला हवं होतं तुम्हाला. त्या रकान्यात काहीतरी लिहावंच लागत होतं. घरी सांगायचं नाहीये, मुलीची बारावी आहे."

शेकडो पुरुषांना लॅबपर्यंत सोबत करणारा हा माणूस बायॉप्सीला टॅक्सी करून एकटा आला होता. मला माझी लाज वाटली. मी त्यांना घरी आणलं, आणि पुढचा आठवडाभर ते आमच्याकडेच जेवले. माझी मुलगी त्यांना नुसतं अंकल म्हणायला लागली.

सोमवारी हॉस्पिटलात रिपोर्ट मिळाला. सगळ्यांचे रिपोर्ट फोनवर खणखणीत वाचून दाखवणाऱ्या सबनीसांना स्वतःचं पाकीट उघडवेना. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. मी दोनदा वाचलं, मग डॉक्टरांकडूनही ऐकून घेतलं. कॅन्सर नव्हता. ग्रंथी वाढली होती आणि सुजली होती, त्यावर गोळ्या होत्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं.

सबनीसांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. उठून लॉबीतल्या कार्डच्या फोनकडे गेले आणि पुण्याचा नंबर फिरवला. मी शेजारी उभा होतो.

आम्ही सगळे घरी फोन करायचो तो शुक्रवारी, कारण सुट्टी असायची आणि दरही कमी असायचा. आखातातून मधल्याच वारी फोन यायचा तो एकाच कारणासाठी. पलीकडचा वहिनींचा घाबरा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. "अहो, आज सोमवार ना? कोण गेलं?"

सबनीसांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांच्याकडे हात उरला नाही.

"कोणी नाही गं गेलं," ते म्हणाले. "सगळे आहोत."