दोन साडू आणि नाकारलेली परवानगी

गाद्यांच्या कारखान्यात डेटाबेस सांभाळायला दोनच माणसं होती आणि ती एकमेकांची साडू निघाली होती. थोरल्याने लिहिलेली एक प्रोसिजर, म्हणजे छोटा प्रोग्राम, रोज सकाळी चालवली, की कोणत्या ट्रकमध्ये कोणत्या गाद्या चढवायच्या ते ठरे. धाकट्याने तिच्यात दुरुस्त्या करून ती झटपट चालेल अशी केली. मॅनेजरने भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली, तेव्हाच थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. त्यात घरी सासूबाईंचा फोन. "आमचे धाकटे जावई म्हणजे सोनं हो!"

थोरल्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठून त्याने प्रोसिजर चालवायची धाकट्याची परवानगी गुपचूप काढून टाकली. मॅनेजरसमोर त्याची फजिती झाली, की आपण बाह्या सरसावून पुढे व्हायचं, असा साधा बेत होता.

फजिती ठरल्याप्रमाणे झाली. धाकट्याच्या पडद्यावर लाल अक्षरं आली : परवानगी नाकारली.

"गेटवर ट्रक खोळंबलेत!" मॅनेजर ओरडला.

"काल तर चालली होती," धाकटा पुटपुटला.

"राहू दे. ज्या हाताने लिहिलीय त्या हाताचंच ती ऐकते," असं म्हणत थोरल्याने आपल्या कॉम्प्युटरवर रुबाबात बटण दाबलं.

परवानगी नाकारली.

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घाईघाईने स्वतःलाच परवानगी देऊन पाहिली. स्वतःला परवानगी देता येत नाही, असं उत्तर आलं. बाहेर हॉर्न सुरू झाले, तसा मॅनेजर ड्रायव्हरांना शांत करायला धावला.

"दादा," धाकटा खाली मान घालून म्हणाला, "तुमची मी काढलीय. काल निघताना."

"तू? अरे, पण का?"

"सासूबाई हो! फोन आला की तुमचंच पुराण. थोरले जावई असे, थोरले जावई तसे. डोकंच फिरलं माझं."

"तुझ्याकडे माझं कौतुक?" थोरल्याचा चेहरा खुलला. "नेमकं काय म्हणाल्या?"

"ते नंतर. पण मग माझी कोणी काढली?"

थोरल्याला अचानक खोकला आला. "असू दे रे. आधी तू मला दे, मग मी तुला देतो."

"आधी तुम्ही."

"मोठा कोण?"

"म्हणून तर आधी तुम्ही."

शेवटी दोघांनी डोळ्यांनी खूण करून एकाच वेळी बटणं दाबली. प्रोसिजर सुरळीत चालली, ट्रक भरून निघाले. मॅनेजर घाम पुसत आत आला.

"शाबास! दोघांनी मिळून निस्तरलंत. पण चूक पकडली कोणी?"

"मी," दोघेही एकदम म्हणाले.